मैदानावर निषेध कसा नोंदवावा: सातारा-सांगलीच्या खेळाडूंसाठी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक पैलवान, धावपटू, कबड्डीपटू आणि क्रिकेटपटू आता केवळ हौसेने खेळत नाहीत. इनामाच्या कुस्त्या, लीगचे करार, साखर कारखान्यांचे मानधन आणि क्रीडा आरक्षणातून मिळालेली नोकरी यांवर त्यांची घरे चालतात. अशा खेळाडूला एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर, सगळ्यांची नजर आपल्यावर असताना, मैदानातूनच निषेध नोंदवावासा वाटला तर त्याने कोणती तयारी करावी, याविषयीचे हे मार्गदर्शन आहे.

अशी इच्छा होणे मुळातच गैर आहे, असे मानणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की आपल्याकडचे मैदान राजकारणापासून अलिप्त कधीच नव्हते. यात्रेतल्या कुस्तीच्या फडाभोवती पुढाऱ्यांचे फलक असतात, मानाची कुस्ती त्यांच्याच हस्ते लावली जाते आणि कुस्त्या थांबवून भाषणेही होतात. हे सर्व चालत असेल, तर मल्लाच्या दंडावरची बोटभर रुंदीची काळी फीत तेवढी ‘राजकारण’ ठरावी, हे मला न्याय्य वाटत नाही. मात्र हक्क असणे वेगळे आणि तो नीट बजावता येणे वेगळे. मैदानावरील निषेधाची किंमत निषेध करणाऱ्याने स्वतः, आधी हिशेब करून मोजायची असते. ती प्रतिस्पर्ध्यावर, पंचांवर किंवा बेसावध सहकाऱ्यावर टाकायची नसते. पुढच्या सर्व सूचना या एकाच भूमिकेतून दिल्या आहेत.

मागणी आधी, खूण नंतर

पुष्कळ जण आधी खूण ठरवतात आणि तिचा अर्थ नंतर शोधतात. क्रम उलटा हवा. आपली मागणी काय आहे आणि ती कोणाकडे आहे, हे एका वाक्यात लिहून पाहावे. ‘अन्यायाविरुद्ध’ किंवा ‘व्यवस्थेविरुद्ध’ अशा शब्दांनी ते वाक्य भरत असेल, तर विचार अजून कच्चा आहे. ‘कोयना धरणासाठी जमिनी दिलेल्या आणि अद्याप पुनर्वसन न झालेल्या कुटुंबांना राज्य शासनाने पर्यायी जमीन द्यावी’ हे वाक्य पुरेसे आहे, कारण त्यात कोणासाठी, काय आणि कोणाकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. माण-खटावच्या किंवा जतच्या पाण्याविषयी, ऊसदराविषयी किंवा क्रीडा संघटनेतल्या गैरकारभाराविषयीही असेच नेमके वाक्य करता येते.

त्याच वेळी हेही तपासावे की आपण प्रश्न मांडत आहोत की पक्ष. एखाद्या पक्षाचे चिन्ह, रंग किंवा नेत्याचे नाव मैदानात आणले की तो निषेध राहत नाही, प्रचार होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर कायद्याची अडचणही उभी राहते. ज्या कार्यकर्त्याने उत्साहाने फिती, टोप्या आणि छायाचित्रकार पुरवण्याची तयारी दाखवली असेल, त्याच्यापासून खेळाडूने विशेष सावध राहावे, असे मला मनापासून वाटते.

नियम, करार आणि नोकरी

आपण कोणाच्या नियमाखाली खेळत आहोत, हे पाहणे ही दुसरी पायरी. ऑलिम्पिक सनदेच्या नियम ५० नुसार ऑलिम्पिकच्या कोणत्याही ठिकाणी राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचार आणि निदर्शने करण्यास मनाई आहे. टोकियो ऑलिम्पिकपूर्वी, जुलै २०२१ मध्ये, या नियमाच्या मार्गदर्शक सूचना थोड्या सैल झाल्या. स्पर्धा सुरू होण्याच्या आधी मैदानावर मत व्यक्त करण्यास मुभा मिळाली. मात्र ते कोणत्याही व्यक्ती, देश किंवा संघटनेविरुद्ध रोखलेले नसावे आणि त्याने इतरांच्या तयारीत व्यत्यय येऊ नये, अशा अटी राहिल्या. पदक प्रदानाच्या चौथऱ्यावरची मनाई कायम राहिली. पत्रकार परिषदेत आणि समाजमाध्यमांवर खेळाडू आपले मत मांडू शकतो.

फुटबॉलच्या नियमांत पोशाखावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषवाक्य चालत नाही. क्रिकेटमध्ये पोशाखावरच्या वैयक्तिक संदेशाला आधी परवानगी घ्यावी लागते आणि राजकीय कारणासाठी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद ती देत नाही. येथे परवानगीचे दोन थर असतात, हे विसरू नये. २०१४ मध्ये भारताविरुद्धच्या साउथॅम्प्टन कसोटीत इंग्लंडच्या मोईन अली यांनी गाझाच्या समर्थनाचे मनगटी पट्टे घातले. त्यांच्या मंडळाने त्यात गैर मानले नाही, पण सामनाधिकाऱ्यांनी ते पुन्हा घालण्यास मनाई केली. २०१९ च्या विश्वचषकात महेंद्रसिंग धोनी यांच्या हातमोज्यांवरचे सैन्याच्या पॅरा विशेष दलाचे ‘बलिदान’ चिन्हही आंतरराष्ट्रीय परिषदेने काढायला लावले. नियम खेळाडूची लोकप्रियता पाहत नाही, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे.

आधीच्या उदाहरणांवर फार विसंबूही नये, कारण नियम सर्वांना सारखा लावला जातो असे दिसत नाही. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये युक्रेनच्या व्लादिस्लाव हेरास्केविच यांनी ‘युक्रेनमध्ये युद्ध नको’ असा कागद कॅमेऱ्यासमोर धरला, तेव्हा ते शांततेचे सर्वसाधारण आवाहन मानून कारवाई झाली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये निर्वासित संघाच्या मनिझा तलाश यांनी अफगाण स्त्रियांच्या मुक्ततेची मागणी लिहिलेले वस्त्र ब्रेकिंगच्या (ब्रेकडान्सच्या) फेरीत दाखवले आणि त्यांना अपात्र ठरवण्यात आले.

करार असेल तर त्यातील वर्तनविषयक कलमे वकिलाकडून समजून घ्यावीत. संघाची प्रतिमा, प्रायोजकाचे हित आणि पोशाखाची अट या तीन ठिकाणी खेळाडू बहुधा अडकतो. आपल्या भागात याला एक जास्तीची बाजू आहे. मल्लाला मानधन देणारा कारखानाच ऊस खरेदी करतो, आणि त्या मल्लाच्या बापाचा ऊसही बहुधा तिथेच जातो. ऊसदरासाठी काळी फीत बांधायची असेल, तर मानधनासोबत घरच्या उसाच्या तोडीवरही परिणाम होऊ शकतो, हे धरून चालावे आणि घरच्यांना ते स्पष्ट शब्दांत सांगावे.

सरकारी नोकरीतल्या खेळाडूची स्थिती सर्वांत अवघड असते. फलटणजवळच्या सरडे गावचे तिरंदाज प्रवीण जाधव सैन्यदलात आहेत. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी धावल्यानंतर राज्याच्या महसूल प्रशासनात गेल्या. गरीब घरातल्या खेळाडूला अशी नोकरी हा आयुष्याचा आधार असतो. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असून राजकीय सहभागावर आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यावर त्यांत बंधने आहेत. सैन्य आणि पोलीस दलांतील बंधने याहून कडक आहेत. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले असले, तरी सेवेच्या शर्ती त्याला मर्यादा घालतात. म्हणून गणवेशातील खेळाडूने मैदानावर निषेध करण्याआधी सेवाविषयक कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटल्याशिवाय एकही पाऊल टाकू नये.

केव्हा आणि कसा

सर्वांत जास्त विचार लागतो तो येथे. निषेधाचा क्षण खेळाच्या आधीचा किंवा नंतरचा असावा. खेळ चालू असताना कधीही नसावा. निषेध मूक असावा, थोडा वेळ टिकणारा असावा आणि त्यातील प्रत्येक वस्तूला सांगता येईल असा अर्थ असावा.

या कसोटीवर १६ ऑक्टोबर १९६८ चा मेक्सिको सिटीतील प्रसंग आजही अभ्यासण्यासारखा आहे. २०० मीटर शर्यत १९.८३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकलेले टॉमी स्मिथ आणि तिसरे आलेले जॉन कार्लोस चौथऱ्यावर बुटांविना, काळे मोजे घालून उभे राहिले. ती कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याची खूण होती. राष्ट्रगीत सुरू होताच त्यांनी मान खाली घालून काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ वर केली. जोडी एकच असल्याने स्मिथ यांचा उजवा हात वर होता आणि कार्लोस यांचा डावा. दुसरे आलेले ऑस्ट्रेलियाचे पीटर नॉर्मन यांनी मूठ उगारली नाही. त्या दोघांनी छातीवर लावलेला मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला मात्र त्यांनीही मागून घेऊन लावला. मूठ उगारणाऱ्या दोघांनी शर्यत अडवली नाही, प्रतिस्पर्ध्याचा अपमान केला नाही आणि नंतर पत्रकारांना प्रत्येक खुणेचा अर्थ समजावून सांगितला. तरीही स्मिथ आणि कार्लोस यांना स्पर्धेतून घरी पाठवण्यात आले. २००६ मध्ये नॉर्मन यांचे निधन झाले, तेव्हा त्या दोघांनी ऑस्ट्रेलियात जाऊन त्यांच्या शवपेटीला खांदा दिला. सोबत उभे राहणाऱ्याला मूठ उगारावीच लागते असे नाही, हे नॉर्मन यांच्याकडून शिकावे.

आपल्या परिस्थितीला त्याहून जवळचे उदाहरण हरारेचे आहे. १० फेब्रुवारी २००३ रोजी नामिबियाविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात झिम्बाब्वेचे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडाला काळ्या फिती बांधून उतरले. एक गोरा आणि एक काळा, अशी जोडी त्यांनी जाणीवपूर्वक ठरवली होती, जेणेकरून निषेधाला वर्णाचा रंग देता येऊ नये. सामन्याआधी त्यांनी पत्रकारांना लेखी निवेदन दिले आणि आपल्या देशातील लोकशाहीच्या मृत्यूचा आपण शोक करत आहोत, असे त्यात लिहिले. पुढे दोघांचीही आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्याच स्पर्धेबरोबर संपली आणि ओलोंगा यांना देश सोडावा लागला. पद्धत म्हणून मला याहून निर्दोष निषेध आठवत नाही, आणि किंमत म्हणून याहून जड थोडेच.

आता हे आपल्या मैदानांवर कसे उतरवायचे ते पाहू. कुस्तीत अंगावर काहीही ठेवून झुंजता येत नाही, आणि येऊही नये. फितीने प्रतिस्पर्ध्याला पकड मिळते किंवा त्याचे बोट अडकते. म्हणून निवेदकाने नाव पुकारल्यापासून सलामी होईपर्यंतचा वेळ मल्लाने वापरावा. दंडाला फीत बांधून फडाला एक फेरी मारावी, पंचांसमोर येताच ती सोडून वस्तादांच्या हाती द्यावी आणि मग हात मिळवावा. हलगी थांबवायला सांगू नये आणि निवेदकाच्या हातातला ध्वनिक्षेपक मागू नये. कुस्ती जिंकल्यावर, इनाम घेताना ती फीत पुन्हा बांधता येते. मात्र हरल्यावर बांधल्यास लोक तिचा संबंध निकालाशी लावतील, म्हणून ते टाळावे.

कबड्डीत आणि क्रिकेटमध्ये संघ ओळीने उभा राहतो तो क्षण योग्य. धावपटूसाठी अंतिम रेषा हीच जागा. २०१६ च्या रिओ मॅरेथॉनमध्ये इथिओपियाच्या फेयिसा लिलेसा यांनी रौप्यपदक निश्चित झाल्यावर डोक्यावर हातांची फुली केली; ओरोमो लोकांवरील दडपशाहीविरुद्ध ओरोमो निदर्शक वापरत असलेली ती खूण होती. तिला कापड लागले नाही, कागद लागला नाही आणि कोणाचा वेळही गेला नाही. यवतेश्वरच्या घाटासारख्या चढाच्या रस्त्यावर धावताना मध्येच थांबून फलक दाखवणे मागून येणाऱ्यांसाठी धोक्याचे असते, त्यामुळे तसे कधीही करू नये.

वस्तूपेक्षा देहाची खूण बरी, असे माझे मत आहे, कारण वस्तू जप्त करता येते आणि पोशाखाचा नियम तिच्यावर लगेच लागू होतो. २०२२ च्या कतार विश्वचषकात युरोपीय कर्णधारांनी भेदभावाविरुद्धचा ‘वनलव्ह’ दंडपट्टा बांधायचे ठरवले होते, पण पिवळे कार्ड मिळेल असा इशारा येताच ते मागे हटले. पिवळ्या कार्डाचा फटका संपूर्ण संघाला बसला असता, म्हणून त्यांना मी दोष देत नाही. जर्मनीच्या संघाने मात्र जपानविरुद्धच्या सामन्याआधी छायाचित्रासाठी उभे राहताना तोंडावर हात ठेवला आणि आपला आवाज दाबला गेल्याचे सांगितले. संघाला कोणतीही शिक्षा न होता ते शक्य झाले.

राष्ट्रगीताच्या आणि ध्वजाच्या बाबतीत आपल्या कायद्याची माहिती हवीच. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार राष्ट्रगीत गाण्यात मुद्दाम अडथळा आणणे किंवा ते चालू असलेल्या जमावात गोंधळ माजवणे हा ३ वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. तिरंग्यावर काही लिहिणेही त्याच कायद्याखाली येते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील शाळकरी मुलांच्या खटल्यात, आदराने उभे राहून राष्ट्रगीत न गाणे हा अपराध नाही, असा निर्णय दिला. अमेरिकेत अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू कॉलिन कॅपरनिक वर्णद्वेषाच्या निषेधार्थ २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहत. नंतर नेट बॉयर या माजी सैनिकाच्या सल्ल्याने ते एका गुडघ्यावर टेकू लागले. त्यांच्या देशातील ही रीत येथे जशीच्या तशी उचलू नये. माझा सल्ला असा की राष्ट्रगीत आणि ध्वज यांना निषेधापासून पूर्ण वेगळे ठेवावे, कारण एकदा त्यांचा वाद सुरू झाला की धरणग्रस्तांची जमीन बाजूला पडते आणि देशभक्तीवरच भांडण होते.

कोणाला आधी सांगावे

वस्तादांना किंवा प्रशिक्षकांना सांगावेच. ते नाही म्हणतील ही भीती असली तरी सांगावे, कारण दुसऱ्या दिवशी लोक त्यांनाच विचारणार आहेत. संघातल्या प्रत्येकाला आदल्या दिवशी सांगावे आणि सामील न होण्याची मोकळीक उघडपणे द्यावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने सर्व खेळाडूंना वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघ्यावर टेकण्याचा आदेश दिला, तेव्हा क्विंटन डी कॉक यांनी त्या सामन्यातून माघार घेतली. नंतर त्यांनी क्षमा मागून भूमिका बदलली. हेतू चांगला असूनही सक्तीमुळे चर्चा वर्णद्वेषाऐवजी एका खेळाडूवर गेली. स्वतः ठरवलेली कृती आणि करायला लावलेली कृती यांत लोकांना फरक कळतो.

प्रतिस्पर्ध्यालाही मैदानात उतरण्यापूर्वी कल्पना द्यावी, असे मी आग्रहाने म्हणतो. तो कदाचित दुसऱ्या मताचा असेल, पण त्याच्या आयुष्यातली मोठी कुस्तीही तीच असू शकते.

गावालाही सांगावे का, हा प्रश्न आपल्या भागात खरा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशांच्या आधारावर, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक घेऊन आले. ज्या खेळाडूचा खुराक गावाने पुरवला आहे, त्याने निदान चार जाणत्या माणसांना विश्वासात घ्यावे. संमती मागण्याची आवश्यकता नाही. त्यांना वर्तमानपत्रातून कळू नये एवढेच.

१८ वर्षांखालील खेळाडूंना यात ओढू नये. शालेय स्पर्धेतल्या मुलाच्या हाताला मोठ्या माणसाने बांधलेली फीत हा त्या मुलाचा निषेध नसतो.

निवेदन

खूण केल्यावर लगेच पत्रकारांच्या हाती कागद पडला नाही, तर अर्थ दुसरे लावतात. निवेदन मराठीत, अर्ध्या पानाचे आणि आदल्या दिवशी लिहिलेले असावे. नमुना असा:

‘मी आज कुस्तीपूर्वी दंडाला काळी फीत बांधून फडात उतरलो. कोयना धरणासाठी जमिनी दिलेल्या ज्या कुटुंबांचे पुनर्वसन अद्याप पूर्ण झालेले नाही, त्यांना राज्य शासनाने पर्यायी जमीन द्यावी, अशी माझी मागणी आहे. हा निर्णय माझा एकट्याचा आहे. माझे वस्ताद, माझी तालीम, यात्रा समिती आणि माझे प्रतिस्पर्धी यांचा त्याच्याशी संबंध नाही. मी कोणत्याही पक्षाच्या वतीने बोलत नाही.’

यातील शेवटची तीन वाक्ये वगळू नयेत; किंमत आपल्याकडे ठेवण्याचे काम तीच करतात. प्रश्नोत्तरांत मागणीबाहेरच्या विषयांवर बोलू नये. समाजमाध्यमांवर हाच मजकूर द्यावा, त्यात वाढ करू नये, आणि चाहत्यांना मैदानात किंवा रस्त्यावर उतरण्याचे आवाहन करू नये. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश लागू असेल तर अशा आवाहनाने खटले प्रेक्षकांवर होतील, आणि खेळाडू मात्र बाजूला राहील.

मैदान सोडून अन्य जागा

काही प्रश्नांसाठी मैदान ही योग्य जागा नसते. महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाच्या आरोपांवर विनेश फोगट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया यांनी जानेवारी २०२३ मध्ये, आणि पुन्हा २३ एप्रिलपासून, दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरले. ज्या प्रश्नात चौकशी, साक्षी आणि पोलीस तक्रार यांची गरज असते, तो फडातल्या एका फेरीत मावत नाही. तिथे लेखी तक्रार, धरणे आणि न्यायालय हेच मार्ग. याच भागातून १९४२ मध्ये तासगाव आणि वडूजच्या कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे गेले होते, आणि वडूजला मोर्चेकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. खेळाडू हाही नागरिक आहे आणि पोशाख उतरवल्यावर त्याला मोर्चात चालता येते.

नंतरचे दिवस

निषेधानंतरचे वर्ष उत्पन्नाविना जाऊ शकते, असे धरून आधीच तजवीज करावी. कॅपरनिक यांना २०१६ च्या हंगामानंतर एकाही संघाने करारबद्ध केले नाही. लिलेसा २०१८ पर्यंत मायदेशी परतू शकले नाहीत. आपल्या भागात एवढे टोक गाठले जाईल असे नाही, पण चैत्र-वैशाखाच्या यात्रांत कुस्त्या नेमल्या न जाणे, मानधन थांबणे आणि निवड चाचणीची सूचना उशिरा पोहोचणे या गोष्टी घडू शकतात. खुराकाचा, घरभाड्याचा आणि कर्जाच्या हप्त्याचा महिन्याचा आकडा काढून निदान एका हंगामाची सोय होत असेल, तरच पुढे जावे. सोय होत नसेल तर थांबण्यात कमीपणा नाही. त्याच मागणीचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देता येते आणि त्याला शिस्तभंग कोणी म्हणत नाही.

संघटनेची नोटीस आली तर तोंडी उत्तर देऊ नये, आणि दबावाखाली माफीनाम्यावर सही करू नये. कोणत्या नियमाचा भंग झाला, त्याचा क्रमांक आणि पुरावा लेखी मागावा. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे, त्यात घडलेली कृती मान्य करावी, तिचा खेळावर परिणाम झाला नसल्याचे चित्रीकरणासह दाखवावे आणि सुनावणीची मागणी करावी. फडातील संपूर्ण चित्रीकरण त्याच दिवशी आपल्याकडे ठेवले असेल, तरच हे शक्य होते. म्हणून नाव पुकारल्यापासून इनाम घेईपर्यंत न थांबता चित्रीकरण करण्याचे काम एका विश्वासू मित्राकडे आधीच सोपवावे. शिक्षा झाल्यास संघटनेच्या घटनेतील अपिलाची मुदत पाहावी, कारण ती बहुधा थोडी असते. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे, आणि उच्च न्यायालयाचा मार्गही असतो. प्रत्येक पत्राची पोच शिक्क्यासह घ्यावी आणि मूळ प्रती तालमीत न ठेवता घरी ठेवाव्यात.